माझ्या गोळ्या, आक्काचं काळीज

हार्ट अटॅकमधून नुकत्याच उठलेल्या माझ्या थोरल्या जावेला मी नऊ दिवस माझ्या थायरॉईडच्या गोळ्या चारल्या. डॉक्टरांना न विचारता, घरात न सांगता, आणि तिलाही ती गोळी कसली हे कळू न देता. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला तशी लहानच. आता सत्तरीला टेकले. माझा तेव्हाचा शहाणपणा आठवला की आधी हसू येतं आणि ते अर्ध्यातच विरतं.

तिला न सांगण्याचं कारण साधं होतं. आमचा अबोला चालू होता.

आम्ही दोघी जावा मिरजगावजवळच्या एका वस्तीवर राहतो. घर एक, चुली दोन, मधे एक भिंत. दोघींचे नवरे दोन वर्षांच्या अंतरानं गेले. मागे राहिलं ते दूध संकलन केंद्र, आणि ते आम्ही दोघी मिळून चालवत होतो. ती दुधाचं फॅट मोजायच्या मशीनपाशी, मी वजनकाट्यापाशी. तोंडावर मी तिला ‘अहो आक्का, तुमी’ असंच म्हणते. इथं कागदावर एकेरीत लिहितेय, कारण ती काही वाचायला बसणार नाही.

अबोल्याचं निमित्त सांगायलाही लाज वाटते. तिच्या मुलाच्या सासुरवाडीची माणसं जेवायला आली होती आणि मी हुलग्याचे शेंगोळे केले होते. आक्का सगळ्यांदेखत म्हणाली, “आमच्या धाकलीचं शेंगोळं म्हंजी म्हशीचं आंबोन. खानारा गप ऱ्हातो, इचारू नका कसं झालंय.” माणसं हसली. मी ताट सरकवून उठले ते पाच महिने बोलले नाही.

आमच्याकडे अबोल्याचीही एक रीत आहे. तोंड बंद ठेवायचं नसतं, फक्त त्या माणसाला उद्देशून बोलायचं नसतं. म्हशीला सांगायचं, भिंतीला सांगायचं, चुलीला सांगायचं. “सांग गं त्या बाईला, क्यान भरलाय,” असं आक्का म्हशीला म्हणायची. “सांग त्यास्नी, मला डोळं हायेत,” असं मी त्याच म्हशीला म्हणायचे. ती बिचारी रवंथ करत दोघींचं ऐकून घ्यायची. पाच महिन्यांत आमचं एकही काम अडलं नाही. म्हणून आम्हाला वाटायचं, यात कुणाचं काही बिघडत नाही.

माघातली सकाळ होती. केंद्रावर रांग होती. आक्का मशीनकडे बघत म्हणाली, “लई कोंडल्यावानी व्हतंय. कुनीतरी खिडकी उघडा.”

मी ऐकलं. खिडकी माझ्या हातापासून दोन पावलांवर होती. पण ‘कुनीतरी’ म्हणजे काही मी नव्हे. मला सांगायचं तर माझं नाव घेऊन सांग की! मी पुढच्याची किटली काट्यावर ठेवली. मग त्याच्या पुढच्याची. तिसरी किटली उचलताना सहज बघितलं, तर आक्काच्या कपाळावरून घाम ओघळत होता. माघातल्या गारठ्यात. एका हातानं तिनं जबडा दाबून धरला होता, दात दुखल्यासारखा. बघता बघता ती स्टुलावरून दूध गार ठेवायच्या कुलरच्या अंगावर कलली आणि खाली घसरली.

तिचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, घरचीच जीप चालवतो. त्यानं तिला नगरला नेलं. गावाचं नाव पाटीवर बदललंय, पण आमच्या तोंडातलं अजून बदललेलं नाही. हृदयाची एक नळी बंद पडली होती. ती उघडून आत स्प्रिंग बसवली. ‘अजून थोडा उशीर झाला असता तर’ असं तिथल्या डॉक्टर मॅडम पुतण्याला म्हणाल्या आणि वाक्य अर्धंच सोडलं. त्या अर्ध्या वाक्यात माझ्या दोन किटल्या होत्या. हे त्या दिवशी फक्त मला ठाऊक होतं.

घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी फाईल उघडून एकेक कागद समजावला. रक्ताच्या तपासण्यांमध्ये थायरॉईडचीही तपासणी होती. पुतण्यानं कागदावरच्या ठळक आकड्यावर बोट ठेवलं. “मॅडम, हे कमी दावतंय.”

“हो, टी-थ्री कमी आहे,” मॅडम म्हणाल्या. “टीएसएच मात्र व्यवस्थित आहे. अटॅक आलेल्या बऱ्याच पेशंटमध्ये असं दिसतं. यासाठी आत्ता काही करायचं नाही. दोन महिन्यांनी परत तपासू.”

यातलं मी एवढंच घेतलं की कमी आहे आणि काही करायचं नाही म्हणतात. बाकीचं माझ्या कानावरून गेलं. मनात म्हटलं, बघा, सरकारी योजनेतला पेशंट, काळजी कोण घेतंय!

वीस वर्षं मी आक्काच्या मशीनवरचा आकडा बघून निदान करत आले होते. फॅट खाली आलं की गवळ्याला सांगायचं, पेंड वाढव. आठ दिवसांत आकडा वर. माझ्या लेखी सगळ्या जगाचं असंच होतं. जे कमी आहे ते घालायचं. त्यात मी स्वतः अकरा वर्षांची थायरॉईडची पेशंट. पहाटे उपाशीपोटी ती बारीकशी पांढरी गोळी घ्यायची, मग तासभर चहा नाही. थायरॉईड कमी झाल्यावर माणूस कसा होतो ते मी अंगावर काढलेलं. सुस्ती येते, थंडी वाजते, आवाज जड होतो, कशात मन लागत नाही.

आणि घरी आलेली आक्का अगदी तशीच होती. उन्हात बसून दोन शाली पांघरायची. दोन घास खाऊन ताट सरकवायची. समोरून कुणाची सून नटून गेली तरी तिनं एक वाक्य काढलं नाही. हे लक्षण मला अटॅकहून भारी वाटलं. पूर्वीची आक्का असती तर त्या सुनेच्या माहेरापर्यंत जाऊन आली असती.

खरं कारण आणखी एक होतं, ते आज लिहिते. ती खिडकी मला सोडत नव्हती. माफी मागायची तर बोलावं लागलं असतं, आणि आधी तिनं बोलावं ही माझी अट अजून उभीच होती. न बोलता तिला बरी करता आली तर मला हवी होती. अशी ही एकसष्ट वर्षांची पोरटी.

पहिल्या पहाटे मी माझ्या बाटलीतली एक गोळी तळहातावर घेतली, कोमट पाण्याचा तांब्या घेतला आणि भिंतीपलीकडे गेले. आक्का जागीच होती. मी समोरच्या कोनाड्याला सांगितलं, “ही पहाटंची गोळी हाय. उपाशीपोटी घ्यायची.”

आक्कानं गोळीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग घेतली. तिचा हात बर्फासारखा गार होता.

सून तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, म्हणून सकाळच्या डॉक्टरांच्या गोळ्याही मीच द्यायचे, संध्याकाळच्या पुतण्या द्यायचा. त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. तिसऱ्या पहाटे आक्का गोधडीला म्हणाली, “आज गारठा हाय.” मी गोधडीला म्हणाले, “व्हय, लई.” बाहेर येऊन मला वाटलं, गुण येतोय. पाचव्या दिवशी वाटलं, येतोय पण सावकाश येतोय. म्हणून दीड गोळी केली. पेंड वाढवावी तशी.

सहाव्या दिवसापासून तिची झोप गेली. कप हातात घेतला की बशीवर खडखड वाजायचा. अंगाला घाम यायला लागला, शाली निघाल्या. आणि मी, मी मनात टाळ्या वाजवत होते! थंडी गेली, अंगात हालचाल आली, एवढंच मला दिसत होतं. आठव्या दिवशी तिनं छातीवर हात ठेवला आणि काही बोलायला तोंड उघडलं. आसपास म्हैस नव्हती, पुतण्या नव्हता, मी एकटीच. तिनं तोंड मिटलं. मीही ‘काय झालं’ म्हणून विचारलं नाही.

नवव्या दिवशी दुपारी ती ओट्यावर बसली होती. मी ताट घेऊन गेले तर तिच्या गळ्याची शीर उडताना दिसली. लांबून दिसत होती. ओठ पांढरे पडलेले. मी ताट खाली ठेवून तिचं मनगट धरलं. नाडी लागली, पण ती धड चालत नव्हती. चार ठोके घाईनं, मग रिकामं, मग दोन, मग एकदम सात-आठ. म्हशीची नाडी बघितलेली मी. असली नाडी मी कुठल्या जनावराची बघितली नव्हती.

जीपमध्ये मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हात तिच्या मनगटावर. पुतण्या पुढून सारखा आरशात बघत होता.

“काकी, सकाळच्या गोळ्या दिल्या नव्हं?”

“दिल्या.”

“दोनदा न्हाई ना दिल्या चुकून? इसरला असाल तर सांगा.”

“न्हाई.”

शब्दाला शब्द खरा होता. घोगरगाव आलं. मी ठरवलं, आता सांगायचं. मग डोळ्यांपुढे गावातली तोंडं आली. पाच महिने जावा-जावांचा अबोला, आणि धाकटीनं चोरून गोळ्या घातल्या. एवढी दोन वाक्यं मिरजगावच्या बाजारात एकत्र पडली की त्यांचा अर्थ लावायला कुणी मला बोलावणार नव्हतं. घोगरगाव मागे गेलं. म्हटलं, दवाखान्यात मशीनवर सगळं कळेलच, मी सांगायची काय गरज? रुईछत्तीशी आली. आक्काचा ठोका परत चुकला. मी माझाच श्वास धरून पुढच्या ठोक्याची वाट बघितली. तो आला, पण फार उशिरानं. रुईछत्तीशीही मागे गेली.

तिथं पोचल्यावर तिला आत घेतलं. छातीला वायरी लावल्या, नाकावर मास्क चढवला. पडद्यावरची हिरवी रेघ वेडीवाकडी उड्या मारत होती. त्याच मॅडम होत्या. कागदाची पट्टी वाचता वाचता त्यांनी फाईल मागितली. पुतण्यानं पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतल्या, त्यांनी एकेक पट्टी उचलून मोजली. हिशेब बरोबर होता.

“गोळ्या वेळेवर चालू आहेत, तरी नाडी इतकी कशी भडकली?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग पुतण्याला विचारलं, “याशिवाय काही दिलंय का? काढा, झाडपाला, सर्दीची गोळी, काहीही?”

“काय न्हाई मॅडम. काकीच बघत्यात सगळं.”

‘काकीच बघत्यात.’ तो हे किती विश्वासानं म्हणाला! मी माझ्या चपलांकडे बघत होते. मॅडम नर्सला कसलंसं इंजेक्शन सांगायला वळल्या. त्या काय देणार, आणि मी चोरून दिलेल्या गोळीवर ते चालेल की उलटेल, मला काय माहीत? मी मान वर केली. मास्कच्या वर आक्काचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडेच बघत होती. बोलता येत नव्हतं तिला. रागही नव्हता त्या डोळ्यांत. ती नुसती वाट बघत होती.

“मी दिलंय,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मॅडमनी ‘काय?’ म्हणून विचारलं. “माझी थायरॉईडची गोळी दिलीय. शंभरची. पाच दिवसापासनं दीड. नऊ दिवस झालं.”

मॅडम रागावल्या नाहीत. रागवायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. “शेवटची कधी दिली? आज? किती वाजता?” एवढंच भराभर विचारून घेतलं, नर्सला सांगितलेलं थांबवलं, दुसरं काही सांगितलं, कुणाला तरी फोन लावला.

पुतण्या माझ्याकडे वळला. लहानपणी त्याची आई केंद्रावर असायची तेव्हा याला मी माझ्या ताटात जेवू घातलेलं. तो हळू म्हणाला, “काकी, तुमी भायेर जा.”

बाहेर लोखंडी बाकावर बसले. दुपारचं ऊन जिन्यावरून एकेक पायरी वर चढत होतं, ते बघत राहिले. आतून कुणी पळत आलं की उठून उभी राहायचे. परत बसायचे. आजूबाजूला बोलायला भिंत होती, बाक होतं, जिना होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यातल्या कुणालाच काही सांगायचं नव्हतं.

ऊन वरच्या पायरीवर पोचलं तेव्हा मॅडम बाहेर आल्या. माझ्या शेजारी बाकावरच बसल्या.

“नाडी उतरतेय. अजून तालावर आलेली नाही, पण उतरतेय. आजी, एक विचारू? तुम्ही काय काम करता?”

“दूध केंद्र हाय आमचं.”

“म्हैस मोठ्या आजारातून उठली की दूध आटवते ना?”

“आटवती.”

“मग तुम्ही काय करता?”

“काय न्हाई. थांबायचं. अंगात ताकद आली की येतंय परत.”

“पान्ह्याचं इंजेक्शन टोचत नाही?”

“टोचनाराचं दूधच घेत न्हाई आमी!” मी फणकारले. कुठे बसलोय याचं भान विसरून फणकारले. आणि मग तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मॅडम म्हणाल्या, “हृदयाला मोठा दणका बसला की शरीर आपणहून तो टी-थ्री खाली आणतं. फार खाली गेला तर दणका मोठा होता असं आम्ही धरतो आणि जास्त लक्ष ठेवतो. पण बाहेरून भरत नाही. तुमचा आजार वेगळा. तुमची ग्रंथीच कमी काम करते, टीएसएच चढतं, म्हणून तुम्हाला गोळी लागते. त्यांची ग्रंथी धड आहे. हृदयाला विसावा मिळावा म्हणून आम्ही एकीकडे नाडी धीमी ठेवायची गोळी देतोय, आणि तुम्ही दुसरीकडून टाच मारत होतात.”

“मरंल का वो ती?”

“तुम्ही आज सांगितलं नसतं तर मी वेगळ्याच वाटेनं गेले असते,” त्या म्हणाल्या आणि उठल्या. ‘नाही’ म्हणाल्या नाहीत. ती गोळी अंगातून उतरायला दिवस लागतात, असं सांगून गेल्या.

(दोन महिन्यांनी परत रक्त तपासलं. टी-थ्री आपला आपण जागेवर आला होता. कुणी काही घातलं नव्हतं. तो कागद मी तीनदा वाचला, चष्मा पुसून वाचला.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके तालावर आले. पुतण्या मला तसं सांगायला आला नाही, नर्सनं सांगितलं. तो माझ्या पुढ्यात चहाचा कप ठेवायचा आणि न बोलता निघून जायचा. रीत त्याला आमच्याकडूनच मिळालेली, तक्रार कुणाकडे करणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दार उघडून जिन्याकडे बघत म्हटलं, “आई बोलावतीय.” मी आत गेले. आक्का उशीला टेकून बसली होती. चेहरा ओढलेला, पण पडद्यावरची रेघ एका चालीनं पुढे जात होती. मी कॉटच्या पायथ्याशी उभी राहिले. कोनाडा नव्हता, गोधडी नव्हती. आधी तिनं बोलावं ही अट कुठे गळून पडली ते मला कळलं नाही.

“आक्का,” मी म्हणाले, “त्या दिशी तुमी खिडकी उघडा म्हनलात ना, ते मी ऐकलं हुतं. ऐकून गप बसले. आन् मग ह्या गोळ्या. तुमाला ठावं नसताना घातल्या. काय म्हनायचं ते म्हना, पर मला म्हना. कुनाला मधी घालू नका.”

तिनं हातानं कॉटची कड थोपटून मला जवळ बसवलं आणि म्हणाली,

“ठावं कसं नसंल? अकरा वरीस भिंतीपल्याडनं पहाटं तुझ्या बाटलीचा खुळखुळ ऐकतीय मी. डाक्टरच्या गोळ्या पट्टीतल्या, ही बाटलीतली, एवढं कळतंय मला. पर न्हाई म्हनले असते तर तू दुसऱ्या दिशी आली नसतीस. म्हनून गिळत हुते. आता घरी गेल्यावर पहाटं येत जा, पर मोकळ्या हातानं ये. आन् ते शेंगोळं खरंच वाईट झालं हुतं, त्येची माफी मी मागनार न्हाई.”